न्यूट्रोफिलवर कोण उठलंय?

दहा महिन्यांचं बाळ, महिनाभरात दुसऱ्यांदा कान फुटलेला. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला 6,000, म्हणजे वरवर ठीकच. पण त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त 4 टक्के. गुणाकार करा: 240. आकडा पाचशेच्या आत, म्हणजे तीव्र न्यूट्रोपेनिया, न्यूट्रोफिलची मोठी कमतरता. या वयात पहिला संशय ऑटोइम्यून न्यूट्रोपेनियाचा: शरीर स्वतःच्याच न्यूट्रोफिलविरुद्ध अँटिबॉडी बनवतंय.

बाळाच्याच पेशी तपासाव्यात, तर त्या आहेतच किती? 2 मिली रक्तात जेमतेम 4 लाख 80 हजार, आणि वेगळ्या करताना त्यातल्याही बऱ्याच गळतात. म्हणून बाळाचं फक्त सिरम (रक्तातला पेशी नसलेला, अँटिबॉडी असलेला द्रव) घेतात आणि ते निरोगी रक्तदात्याच्या न्यूट्रोफिलवर घालून पाहतात.

सिरम गोठवून ठेवता येतं. न्यूट्रोफिल नाही, ते त्याच दिवशी काढायचे, त्याच दिवशी वापरायचे. शिवाय दात्यांच्या न्यूट्रोफिलचा प्रकार आधी तपासलेला हवा, एचएनए-1ए असलेले आणि 1बी असलेलेही दाते हवेत. हे दोन्ही न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावरच्या सीडी16बी या प्रथिनाचे प्रकार, आणि या बाळांमध्ये हल्ला बहुधा याच प्रथिनावर असतो. खरी अडचण इथे आहे, मशीनमध्ये नाही.

दात्याच्या, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमधल्या रक्तात डेक्सट्रान ही घट्ट साखर मिसळली, की लाल पेशी तळाशी बसतात. वरचा थर उचलून घनतेच्या द्रावणावर अलगद सोडायचा आणि फिरवायचा. लिम्फोसाइट मध्ये अडकतात, न्यूट्रोफिल खाली जातात. उरलेल्या लाल पेशी अमोनियम क्लोराइडने फोडायच्या. त्यात जास्त वेळ ठेवलं किंवा पिपेटने खळखळून ढवळलं, तर न्यूट्रोफिलच गुठळ्या धरतात आणि तो दिवस वाया जातो.

मग पेशी 1 टक्का पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये 5 मिनिटं. नाहीतर त्यांचे एफसी रिसेप्टर (अँटिबॉडीची शेपटी पकडणारी प्रथिनं) कुठलंही आयजीजी, म्हणजे रक्तातली नेहमीची अँटिबॉडी, धरून बसतात. सिरमबरोबर 37 अंशांवर अर्धा तास. धुणं. आयजीजीला चिकटणारी, चमकणारी अँटी-आयजीजी. एकेका पेशीची चमक मोजणारं फ्लो सायटोमीटर. ही झाली गिफ्ट, म्हणजे ग्रॅन्युलोसाइट इम्युनोफ्लुरोसन्स टेस्ट.

जोडीला अ‍ॅग्लुटिनेशन (पेशी एकत्र चिकटतात का, ही चाचणी) लावतात. त्यात पेशी जिवंतच लागतात: अँटिबॉडी लागली, की त्या स्वतः सरकत एकमेकींना बिलगतात. सूक्ष्मदर्शकाखाली विखुरलेल्या दाण्यांचे झुबके झालेले दिसतात.

गिफ्ट पॉझिटिव्ह आली, तरी लगेच नाव देऊ नये. एचएलए या, बहुतेक पेशींवर असणाऱ्या प्रथिनांविरुद्धची अँटिबॉडीही तशीच चमकते. तेव्हा एमएआयजीए ही चाचणी करतात: मोनोक्लोनल, म्हणजे एकाच प्रथिनाला नेमकं पकडणाऱ्या, अँटिबॉडीने सीडी16 पकडून त्यावर बाळाची अँटिबॉडी आहे का, एवढंच पाहायचं.

निगेटिव्ह रिपोर्टनेही आजार नाकारला जात नाही. अँटिबॉडी थोडी असते, कधी सापडते, कधी नाही. काही आठवड्यांनी नवं सॅम्पल पाठवावं. इम्युनोग्लोब्युलिन (निरोगी लोकांच्या अँटिबॉडींचं औषध) द्यायचं ठरलं असेल, तर सॅम्पल ते देण्याआधीच काढावं.