‘सायलेंट’ फाइल आणि चिवचिवणारा स्पीकर

मंडळी, सायलेंट सब्लिमिनल, म्हणजे कानाला न कळता मनाला सूचना देतं असं म्हणवणारं ध्वनिमुद्रण, लावलं की कुणाचा स्पीकर किरकिरतो, कुणाचा चिवचिवतो, कुणाच्या घरी दाराआड कुणी कुजबुजतंय असा भास होतो. मग प्रश्न येतो, ‘फाइलमध्ये काहीच नाही, तर वाजतंय काय?’ फाइलमध्ये भरपूर आहे. तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये अशी फाइल उघडा. शांत फाइलची सरळ रेघ दिसायला हवी, पण दिसतो तो जाड, भरीव पट्टा. आता दृश्य बदलून स्पेक्ट्रोग्राम करा, म्हणजे कोणत्या उंचीचे सूर कधी वाजतात त्याचं चित्र. वरची मर्यादा २२,००० हर्ट्झवर न्यायला विसरू नका, ती ८,०००वर असली तर सगळा पडदा रिकामाच दिसेल. खाली अंधार आणि वर साधारण साडेचौदा ते साडेसतरा किलोहर्ट्झमध्ये एक उजळ, वळवळणारी पट्टी, हे झालं आपलं ‘शांत’ ध्वनिमुद्रण. बोललेली वाक्यं एका उंच सुरावर स्वार करून तिथे नेऊन ठेवलेली असतात. ऑलिव्हर लॉवरी यांना या पद्धतीचं अमेरिकन पेटंट १९९२ साली मिळालं, क्रमांक ५१५९७०३.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची बारीक शिट्टी आठवते? ती १५,६२५ हर्ट्झची. घरातल्या पोरांना ती ऐकू यायची, आजोबांना नाही. म्हणजे फाइल लावल्यावर बारा वर्षांची मुलगी कान झाकत असेल, तर स्पीकर बिघडलेला नाही. तिचे कान चांगले आहेत.

पहिली तपासणी दहा सेकंदांची. फाइल पॉज करा, व्हॉल्यूमला हात लावू नका. आवाज तसाच राहिला तर फाइलचा काही संबंध नाही. जाड घरघर असेल तर ती ५० किंवा १०० हर्ट्झची, म्हणजे वीजपुरवठ्याची. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. घरघर थांबली तर लॅपटॉप आणि स्पीकर वेगवेगळ्या वाटांनी अर्थला लागलेत. दोन्हींचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावा, तरी राहिली तर ऑडिओ वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे अर्थचा हा दुहेरी जोड तोडणारी छोटी डबी, टाका. चार्जरची अर्थिंगची पिन तोडायचा उपाय कुणी सुचवला तर तो तिथेच सोडून द्या. नुसती ‘स्स्स’ असेल तर अँपचा, म्हणजे अँप्लिफायरचा, नॉब फार वर आहे. फोनचा आवाज ८० टक्क्यांपर्यंत वाढवा आणि अँपचा तेवढा उतरवा.

पॉज केल्यावर आवाज थांबत असेल, तर खरी गंमत इथून. आता व्हॉल्यूम ६ डेसिबलने, म्हणजे सिग्नल निम्म्यावर येईल इतका उतरवा आणि किरकिर किती उतरते ते ऐका. तीही तेवढीच उतरली तर कचरा फाइलमध्येच भाजलेला आहे. एकदम नाहीशी झाली तर तो वाटेत तयार होतोय: कुठलातरी टप्पा भार सहन न होऊन सिग्नल वाकवतोय. वाकण्यातून येणारा कचरा आवाजाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने चढतो आणि उतरतो, म्हणून ही चाचणी इतकी भरवशाची.

वाकणं म्हणजे काय ते आकड्यांत पाहू. फाइलचा सूर १५ किलोहर्ट्झचा. वर फोनचा व्हॉल्यूम बूस्टर किंवा इक्वलायझर, त्याने सिग्नलचे शेंडे कापले. शेंडे कापले की तिप्पट सूर जन्मतो, ४५ किलोहर्ट्झचा. पण ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेणाऱ्या, डिजिटल ध्वनीत त्याच्या निम्म्याच्या, २२.०५च्या, वर जागाच नाही, म्हणून तो दुमडून खाली येतो: ४५ वजा ४४.१, म्हणजे ९०० हर्ट्झ. थेट कानाच्या दारात! मूळ सूर १६वर सरकला की हाच कचरा ३,९०० हर्ट्झवर उडी मारतो. वर एक किलोहर्ट्झ हलला, खाली तीन. पाखरांसारखी चिवचिव ऐकू येते ती हीच.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद. फोनवर डॉल्बी, इक्वलायझर, बूस्टर, व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन सगळं बंद. नॉर्मलायझेशन विशेष घातक, कारण फाइल हळू आवाजाची आहे असं समजून ते तिचा आवाज आणखी चढवू शकतं. फाइल तुमचीच असेल तर तिचं शिखर उणे १२ डेसिबलवर आणून पुन्हा साठवा.

कुजबुज येत असेल तर दोषी बहुधा अँप किंवा स्पीकर. एकाच वेळी १५ आणि १६ किलोहर्ट्झचे सूर आले की वाकणारा स्पीकर त्यांच्यातला फरक, म्हणजे १ किलोहर्ट्झ, स्वतःच्या पदरचा वाजवतो. लपवलेल्या शब्दांची सावली अशी खाली उतरते. फोनचे किंवा छोट्या यूएसबी स्पीकरचे एकेक इंचाचे पडदे यात पटाईत. इथे व्हॉल्यूम उतरवणं किंवा बरे हेडफोन वापरणं, एवढंच हातात आहे.

फाइलमध्येच कचरा असेल तर स्पेक्ट्रोग्राममध्ये १४ किलोहर्ट्झच्या खाली धूसर ठिपके दिसतात. बहुतेक वेळा कारण एमपी३. १२८ केबीपीएसला १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचं सरळ कापलं जातं, म्हणजे पट्टीचा माथाच गेला. उरलेलंही तुटक तुटक साठवलं जातं. अशा एमपी३ची फ्लॅक (काहीही न गाळता साठवणारी फाइल) करून उपयोग नाही, गेलेलं परत येत नाही. मूळ वाव्ह किंवा फ्लॅक मिळवा आणि साउंडच्या सेटिंगमध्ये सॅम्पल रेट फाइलइतकाच ठेवा, ४४,१०० असेल तर ४४,१००.

ब्लूटूथचं दुखणं निराळं. साधा एसबीसी कोडेक, म्हणजे ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवायची पद्धत, २२.०५ किलोहर्ट्झचे आठ समान वाफे पाडतो, प्रत्येक सुमारे २.७६चा. एक बांध येतो १६.५४वर, नेमका आपल्या पट्टीच्या अंगावरून. एकेका वाफ्यात निपजलेला खरखराट त्या वाफ्याभर पसरतो, म्हणून तो १३.८पर्यंत खाली येतो आणि पट्टी ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही फसफस ऐकू येते. शिवाय मीटिंगच्या अ‍ॅपने हेडसेटचा माइक पकडला की सॅम्पल रेट १६ किंवा ८ किलोहर्ट्झवर घसरतो. मग पट्टी गायब तरी होते, नाहीतर दुमडून दीड किलोहर्ट्झच्या आत शिट्टी घालते. ३.५ मिलिमीटरची वायर लावा, वाद मिटला.

अधूनमधून ‘टक्’ होत असेल तर बरेचसे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर शांतता समजून झोपतात आणि जागे होताना टकटकतात. ऑटो स्टँडबायचं बटण बंद करा.

आता व्हॉल्यूमबद्दल. ऐकू येत नाही म्हणून नॉब फिरवत जाणं ही सगळ्यात महाग चूक. १९९१ साली मानसशास्त्रज्ञ ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी अशा स्व-मदतीच्या टेपांवर, लेबलं अदलाबदल करून, चाचण्या प्रसिद्ध केल्या. टेपमधल्या मजकुराचा दावा केलेला परिणाम दिसला नाही. लेबलावर जे लिहिलं होतं ते आपल्याला साधलं असं मात्र अनेकांना वाटलं. तेव्हा आवाज चढवून पदरात जास्त पडेल, हा हिशेबच नको.

उलट ट्वीटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर, जळून जातो. गाण्यात १० किलोहर्ट्झच्या वर फार थोडी शक्ती असते, आणि ट्वीटरची केसाएवढी बारीक कॉइल त्याच बेताने बनवलेली. इथे सगळी शक्ती तिच्याच वाट्याला, तासन्‌तास. म्हणून आधी साधं बोलणं असलेली, तेवढ्याच पातळीची एखादी फाइल लावा, गप्पांइतका आवाज ठेवा आणि नॉबपाशी पेन्सिलीने खूण करा. त्या खुणेच्या पुढे जायचं नाही. ऑडॅसिटीत स्वतः चाचणीचा सूर तयार करत असाल तर अँप्लिट्यूड ०.८ आपोआप भरलेलं असतं, ते ०.१ करा. वार्निश जळल्याचा वास आला तर फाइल थांबवत बसू नका, आधी अँपचं बटण बंद करा.