पहिल्या धारेचं विष: मूनशाइनबद्दलचा एक अर्धवट समज

नमस्कार मंडळी. एखादी गोष्ट फार कडक असली की आपण म्हणतो, ‘पहिल्या धारेची!’ अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरातला हातभट्टीवाला मात्र पहिली धार सरळ ओतून देतो. का, विचाराल तर उत्तर ठरलेलं: “त्यात मिथेनॉल असतं, डोळे जातात.” मिथेनॉल म्हणजे दारूतल्या अल्कोहोलचा विषारी भाऊबंद. ओतून देतो ते बरोबरच. कारण मात्र चुकीचं सांगतो.

आधी मूनशाइन म्हणजे काय ते पाहू. ही काही दारूची वेगळी जात नाही. टॅक्स चुकवून गाळलेली दारू ती मूनशाइन. दिवसा भट्टीचा धूर दिसतो, म्हणून काम चंद्राच्या उजेडात.

भांडण सुरू झालं १७९१ साली. स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज डोक्यावर होतं, म्हणून अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टननं व्हिस्कीवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी भडकले. धान्याची पोती डोंगरापलीकडे नेणं परवडायचं नाही, त्याच धान्याची व्हिस्की नेणं परवडायचं, आणि रोख पैशाच्या टंचाईत व्यवहारही व्हिस्कीतच व्हायचे. म्हणजे कर त्यांच्या नाण्यावरच बसला म्हणा ना! १७९४ मध्ये उठाव झाला, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन जवळपास १३,००० सैनिक घेऊन निघाले. फौज पोचेपर्यंत बंड विरून गेलं होतं. १८०२ मध्ये कर रद्द झाला, पण यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ मध्ये परत आला आणि मग कायमचा बसला. बापजाद्यांपासून चाललेलं काम रातोरात गुन्हा ठरलं.

आता भट्टीकडे वळू. मक्यात असतो स्टार्च, आणि तो यीस्टला थेट खाता येत नाही. मोड आलेल्या धान्यातली अमायलेज नावाची विकरं स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून साखर करतात. मग यीस्ट ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलचे, दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बनवतं. पण आपणच बनवलेलं अल्कोहोल एका मर्यादेपलीकडे त्यालाही सोसत नाही. त्यामुळे हे आंबलेलं मिश्रण, हातभट्टीच्या भाषेत ज्याला रसायन म्हणतात, ते कडकपणात बिअर-वाइनच्याच आसपास राहतं. पुढची ताकद हवी तर ते उकळून वाफ थंड करायची.

इथेच सगळे फसतात. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, इथेनॉल ७८ला, पाणी १००ला. मग मिथेनॉल आधी निघून जाणार, असं वाटतं ना? शुद्ध द्रवांचं गणित आहे ते. मिश्रणातून वाफ निघते ती सगळ्यांची मिळून. शिवाय मिथेनॉल पाण्याला धरून राहतं, म्हणून ते थोडं थोडं शेवटपर्यंत येत राहतं. पहिल्या धारेत प्रामुख्यानं असतात ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट. दुसऱ्याचा वास नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. ओतून द्यायचं ते यांच्यासाठी.

आणि मुळात मक्याच्या दारूत मिथेनॉल असतंच किती? ते तयार होतं पेक्टिनपासून, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या वनस्पतीतल्या पदार्थापासून. पेक्टिन फळांत भरपूर, मक्यात नगण्य.

मग डोळे कशानं गेले? बरेचदा भेसळीनं. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. कारखान्यांचं अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विष घातलं जायचं. तस्कर तेच चोरून, जमेल तसं साफ करून विकायचे. तर सरकारनं मिथेनॉलचं प्रमाण आणखी वाढवलं! न्यूयॉर्क शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी या धोरणावर जाहीर टीका केली. मला यातलं सगळ्यात भयंकर हेच वाटतं: लोक पिणार हे ठाऊक असूनही विष वाढवलं.

भट्टीवालेही काही साधुसंत नव्हते. तांब्याची नळी महाग, म्हणून काहींनी वाफ थंड करायला गाडीचा जुना रेडिएटर लावला. त्याच्या जोडांतलं शिसं दारूत उतरायचं.

(बाटली कॅमेऱ्यासमोर हलवत) परीक्षा कशी करायचे? अशी. बुडबुडे मोठे आणि झटकन फुटणारे, तर माल कडक. अल्कोहोल किती, याचा अंदाज यातून येतो. मिथेनॉल आहे की नाही, हे अजिबात कळत नाही.

खरं तर मिथेनॉल स्वतः तितकं घातक नाही. यकृतातलं विकर त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड करतं, मग त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं. हे ॲसिड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही आणि दृष्टीची नस मरते. पण त्या विकराला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल जास्त प्रिय. दोन्ही समोर असली तर ते आधी इथेनॉलला हात घालतं, आणि तोवर मिथेनॉल न बदलता शरीराबाहेर पडू शकतं. आता यावर फोमेपिझोल नावाचं औषध आहे. ते जिथे मिळत नाही, तिथे डॉक्टर मिथेनॉलच्या विषबाधेवर आजही इथेनॉलच देतात. रुग्णालयात, रक्तातलं प्रमाण तपासत.