स्किडचा गुरुत्वमध्य: हूक नेमका कुठे आणायचा?

(दृश्य: शेडमध्ये पंप-स्किड. वर क्रेनचा हूक.)

४ मीटर लांबीची बेस फ्रेम. तिच्यावर एका ओळीत मोटर, गिअरबॉक्स आणि पंप. हा सगळा जोडलेला संच म्हणजे स्किड. टेप लावून फ्रेमचा मध्य काढला आणि हूक त्याच्यावर आणला, तर हा स्किड वाकडाच उठेल. हूक हवा सीजीवर, म्हणजे गुरुत्वमध्यावर.

तो कागदावर काढता येतो. मोटरकडची कड शून्य धरू. मोटर १८०० किलो, ९०० मिमीवर. गिअरबॉक्स ६०० किलो, १९०० वर. फ्रेम १२०० किलो, २००० वर. पंप १४०० किलो, २९०० वर. प्रत्येकाचं वजन गुणिले अंतर, त्यांची बेरीज, भागिले एकूण ५००० किलो. उत्तर १८४४ मिमी. मध्यापासून १५६ मिमी मोटरकडे. रुंदी आणि उंचीचं गणितही असंच.

हे अंतर त्या त्या भागाच्या स्वतःच्या सीजीपर्यंतचं असतं. इथेच घोळ होतो. ड्रॉइंगवरची मापं कधी शाफ्टच्या टोकापासून असतात, कधी पायाच्या भोकापासून. ती न तपासता बेरजेत घेतली की मोटर कागदावरच सरकते.

(दृश्य: गिअरबॉक्सची ऑइल लेव्हल काच, मग पंपाकडच्या टोकाचं कंट्रोल पॅनेल.)

गिअरबॉक्समधलं १०५ किलो तेल विसरलं, तर सीजी जेमतेम १ मिमी चुकतो, कारण तेल सीजीच्या जवळच आहे. क्रेनच्या क्षमतेसाठी मात्र ते धरायलाच हवं. पण ३७०० मिमीवरचं २५० किलोचं पॅनेल विसरलं, तर चूक थेट ८८ मिमीची. पॅनेल धरून सीजी येतो १९३२ वर.

आता पडताळणी. २५० आणि ३७५० मिमीवर, दोन्ही टोकांना लोड सेल, म्हणजे वर आलेलं वजन मोजणारी उपकरणं. मोटरकडे २८०० किलो, पंपाकडे २६००. एकूण ५४००. हिशेबाबाहेरचे १५० किलो पाइपिंगचे, केबलचे, गार्डचे. दोन सेलमधलं अंतर ३५०० गुणिले २६००, भागिले ५४००, अधिक २५०: १९३५ मिमी. गणिताशी ३ मिमीचा फरक, म्हणजे उत्तम.

फ्रेमवर याच जागी खूण रंगवतात. साइटवर मात्र पॅनेल आधी उतरवलं जातं आणि खूण तशीच राहते. सीजी साधारण ९० मिमी मोटरकडे सरकलेला असतो. हूक सीजीच्या अडीच मीटर वर असेल, तर स्किड सुमारे २ अंश कलतो. दोन टोकांच्या उंचीत जवळजवळ १४० मिमीचा फरक. पायाच्या बोल्टांवर तो बसणार नाही.

(दृश्य: स्किड जमिनीपासून १०० मिमी वर.)

म्हणून आधी एवढंच उचलून थांबायचं. जे टोक खाली राहिलं, सीजी त्या बाजूला. माणसं चढवून किंवा दाबून तो सरळ करायचा नाही. खाली ठेवायचा, खाली राहिलेल्या टोकाची स्लिंग, म्हणजे हूकपासून टोकापर्यंतचा दोर किंवा साखळी, आखूड करायची आणि पुन्हा १०० मिमी उचलायचा.