काजूची बाग आणि रान

श्रोतेहो, नमस्कार. श्रावणात कोकण रेल्वेनं चिपळूणच्या पुढे निघालं, की ‘काय जंगल आहे!’ असं डब्यात कुणीतरी म्हणतंच. सरकारी मोजणीही त्याच्याच बाजूनं असते. भारतीय वन सर्वेक्षणाचे अहवाल १९८७ पासून येताहेत. जागा किमान एक हेक्टर हवी आणि तिचा १० टक्के भाग झाडांच्या पर्णसंभारानं झाकलेला हवा; मग ती वनाच्छादनात धरतात. जमीन कुणाची, झाडं कसली, हा प्रश्नच नाही. म्हणजे काजूची बाग त्यात आली, दोडामार्गाकडचं रबरही आलं!

रत्नागिरी-सिंधुदुर्गात डोंगर बहुतेक मालकीचे. त्यामुळे तिथलं रान घडवलं ते शेतीनं आणि बाजारानं. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, पेरायच्या आधी ती जागा भाजून घ्यायची, म्हणजे राब भाजायचा. त्यासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या तोडायच्या, शेण, पाला, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. झाड खुरटायचं, पण पुन्हा फुटायचं. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत इंग्रजांच्या वनखात्यानं या तोडीवर बंधनं घातली, तेव्हा लोक इतके खवळले की १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. दुसरीकडे रेल्वेच्या स्लीपरांसाठी अख्खी झाडं जात होती, ते मात्र चालत होतं.

पुढे कोळशाच्या भट्ट्या आल्या, लाकडाचे ट्रक आले. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि उतारच्या उतार साफ करून आंबा-काजूची कलमं लागली. बागायतदाराला मी नावं ठेवणार नाही. काजूचे पैसे दरवर्षी हातात येतात, ऐनाचे कोण देतो?

पण धनेश पक्ष्याचं काय? त्याची मादी जुन्या बेहड्यासारख्या झाडाच्या ढोलीत शिरते, फटीपुरती जागा ठेवून तोंड लिंपून घेते आणि आत अंडी घालते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. काजूच्या कलमाला अशी ढोली कुठून येणार? अशी म्हातारी झाडं आता बरीचशी देवरायांतच उरलीत.

संगमेश्वर तालुक्यात मालकांशी करार करून, त्यांना मोबदला देऊन खाजगी रानं राखण्याचे प्रयत्न झाले आहेत. मला हा मार्ग पटतो. मात्र आधी मोजणीत बाग आणि रान यांचे रकाने वेगळे व्हायला हवेत. नाहीतर मोबदला कशाचा द्यायचा, तेच ठरणार नाही.