आढी बघून बजेट

(रत्नागिरीत आंबा बागायतदारांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत येऊन आंबेवाल्यांना व्यवहार सांगायचा हा आगाऊपणाच आहे. पण वाशीच्या दलालाला कंटाळून तुमच्यातले बरेच जण आता ऑनलाइन विकताय. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, निदान कागदावर येते, चार जण बघतात, शिव्या घालतात. जाहिरातीची पट्टी मोबाइलवर येते आणि कुणी उघडतच नाही. विषय दिलाय 'जाहिरातीच्या रोजच्या खर्चावर नियंत्रण'. येतोच त्याकडे. आधी तात्यांचं ऐका.

तात्या पावसच्या बाजूचे. 2024 ची अक्षय्य तृतीया 10 मेला होती. तात्यांनी पुण्याच्या एका एजन्सीला सांगितलं, 1 तारखेपासून दहा दिवस जाहिरात चालवा, रोजचे पाचशे. म्हणजे पाच हजार. बिल आलं आठ हजारांच्या वर. एजन्सीतला मुलगा म्हणे, "काका, सिस्टिम तशीच चालते." तात्या म्हणाले, "मग पैसेही सिस्टिमकडूनच घे की!"

आता गंमत अशी, की मुलगा खोटं बोलत नव्हता. गुगल अ‍ॅड्समध्ये रोजचं बजेट म्हणून आपण भरतो तो आकडा सरासरीचा असतो. एखाद्या दिवशी शोधणारे जास्त आले, तर त्या दिवशी दुप्पटीपर्यंत खर्च होऊ शकतो. पूर्वी ही मोकळीक वीस टक्क्यांची होती, ऑक्टोबर 2017 मध्ये ती रोजच्या आकड्याच्या दुप्पटीपर्यंत गेली. त्या बदल्यात महिन्याची हमी मिळते: रोजचा आकडा गुणिले 30.4, त्याच्या वर आकारणी नाही. हे 30.4 म्हणजे 365 भागिले 12. पाचशेचे झाले 15,200. पण हमी महिन्याची आणि तात्यांची जाहिरात दहा दिवसांची! दहाही दिवस हजार-हजार गेले असते तरी दहा हजारच झाले असते, म्हणजे हमीच्या आतच. नियम कुठेच मोडलेला नाही. बारा महिने चालणाऱ्या दाताच्या दवाखान्याला हे परवडतं, तेजीच्या दिवशी जादा गेलेलं त्याचं मंदीच्या दिवशी भरून निघतं. आपल्याला मंदीचा दिवस येईपर्यंत आंबा संपलेला असतो.

हे सगळं गुगलच्या मदतपानांवर लिहिलेलं आहे. एजन्सीने आधी तोंडाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण त्यांची फी खर्चाच्या टक्क्यावर. जाऊ दे, नाहीतर माझा सगळा वेळ त्यातच जाईल. अध्यक्ष घड्याळ बघायला लागलेच आहेत.

मला विचाराल तर तात्यांचे जादा गेलेले तीन हजार ही किरकोळ गोष्ट आहे. खरा प्रकार वेगळाच. तात्या आंबे उतरवायचा झेला घेऊन कलमावर, आणि खिशात फोन वाजतोय. "हैदराबादला पाठवता का?" "रायवळ आहे का, लोणच्याला?" मी खातं उघडून लोकांनी काय शोधलं होतं त्याची यादी बघितली, तर त्यात 'मँगो ड्रेस सेल'! हसू नका, त्या कपडे शोधणाऱ्या बाईंच्या क्लिकचे पैसे तात्यांनी भरलेत. आणि यातून जी खरी गिऱ्हाइकं आली, पुण्यातली, रोख पैसे देणारी, त्यांना तात्यांनी काय सांगितलं? "माल तयार नाही."

तुम्हाला आढी मी काय सांगणार? पेंढ्यात कच्च्या आंब्यांचा थर लावला, की पिकायला आठ-दहा दिवस थांबावंच लागतं. रोज सकाळी हात घालून, वास घेऊन तयार फळ निवडायचं. त्या दिवशी सहा पेट्या निघाल्या तर सहाच. जाहिरात दुप्पट केल्याने आढी दुप्पट पिकत नाही. म्हणजे तात्या 'नाही' म्हणण्यासाठी पैसे मोजत होते! गेली काही वर्षं मी जिथे तिथे हेच सांगतो आणि लोक मला आढीवाले सर म्हणतात. म्हणोत बापडे. आजच्या जाहिरातीचा आकडा दहा दिवसांपूर्वी लावलेल्या आढीवरून काढायचा, खिशात किती आहेत त्यावरून नव्हे.

हिशेब करा. समजा रोज सहा पेट्या तयार होतात आणि एका पेटीमागे जाहिरातीला शंभर रुपये सोसतात. झाले सहाशे. आता दुप्पटीचा नियम आठवा आणि दहा-पंधरा दिवसांचीच जाहिरात असेल तर खात्यात तीनशेच टाका. कमी खर्च होतोय असं दिसलं तर दोन दिवसांनी वाढवा. 'बजेट अपुरं पडतंय' अशी सूचना येईल, येऊ दे. माल अपुरा आहे हे त्या यंत्राला कोण सांगणार?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मूळ विषय आता पळवतो.

ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मुळातच 'तिथे असलेले किंवा तिथे रस असलेले' असं निवडलेलं असतं. ते बदलून फक्त 'तिथे असलेले' करा. तात्यांना हैदराबादचे फोन बहुधा तिथूनच आले. जाहिरातीसाठी निवडलेले शब्द ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासच्या कुठल्याही शोधाला जाहिरात दिसेल असे, सोडू नका. ज्या शोधांना जाहिरात दिसायला नको, ते शब्द निगेटिव्हमध्ये टाका: ड्रेस, रेसिपी, लोणचं, रोपं. सर्च पार्टनर्स आणि डिस्प्ले नेटवर्क, म्हणजे इतर साइटवरही जाहिरात दाखवण्याच्या, खुणा काढा. फोन उचलायला माणूस असेल तेवढ्याच वेळात जाहिरात चालू ठेवा. घरी वहिनी फोन घेत असतील तर वेळ त्यांना विचारून ठरवा.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोजचं बजेट आठवड्याच्या हिशेबाने चालतं, रविवार ते शनिवार, रोजच्या आकड्याच्या सातपटीच्या आत. हंगामासाठी तिथे लाइफटाइम बजेट घ्या: एकूण रक्कम आणि शेवटची तारीख टाकली की काम झालं. वर 18 टक्के जीएसटी लागतो, तो आधीच हिशेबात धरा. तुमचा जीएसटी नंबर असेल तर खातं उघडतानाच भरा, आणि ज्या दिवशी आढीत हात घालून काही निघालं नाही, त्या दिवशी सकाळीच जाहिरात पॉज करा. बटण कुठे असतं ते ज्यांना दाखवायचंय त्यांनी मोबाइल घेऊन पुढे या.