टनावरची माणसं

मंडळी, क्लीव्हलंडच्या लोहपाषाणाच्या खाणींवर बोलतो म्हणालो, तेव्हा संयोजकांनी विचारलं की जालन्याच्या माणसाला त्याचं काय? विचारणं रास्त होतं. आपल्याकडे विहीर खणली की काळा पाषाण लागतो, लोखंडाची खाण इथे नाही. एमआयडीसीत सळई होते ती भंगार वितळवून. पण माझे वडील मोंढ्यात मापाडी होते. काट्यासमोर उभा राहणारा माणूस दिवसभर कशाची काळजी करतो, हे मी लहानपणापासून पाहिलंय. त्या खाणींबद्दल वाचताना तोच काटा मला पुन्हा भेटला, म्हणून हा विषय घेतला.

हे क्लीव्हलंड अमेरिकेतलं नव्हे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशायरच्या उत्तर टोकाला डोंगरांचा एक पट्टा आहे, तो हा. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तिथला लोहपाषाण त्याहून खूप जुना, उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. ताजा फोडला तर हिरवट-करडा दिसतो, वाऱ्यापावसात राहिला की तांबूस होतो. त्यात लोखंड जेमतेम 30 टक्के. म्हणजे तीन टन दगड फोडला तर एक टनही लोखंड हाती येत नाही. तीनातले दोन टन माणसाने फुकट उचललेले, असंच म्हणा.

लोकांना हा दगड माहीत होता. किनाऱ्यावर पडलेले तुकडे गोळा करून टाइन नदीकाठच्या भट्ट्यांना विकायचे. पण मोठा थर कुठे आहे, ते नीट कळलं 8 जून 1850 रोजी. जॉन व्हॉन हा भट्टीवाला आणि जॉन मार्ले हा खाणींचा जाणकार एस्टनच्या टेकडीवर चढत होते. सशा-कोल्ह्यांच्या बिळांतून उकरून आलेले तुकडे वाटेत दिसले. त्यांच्या मागावर गेले, तर पुढे एक छोटी खदान लागली. सुमारे 16 फूट जाडीचा लोहपाषाण तिथे उघडा पडला होता, आणि गावची माणसं त्याची खडी करून रस्त्यावर टाकत होती.

मग जे झालं ते वेगाने झालं. शेजारच्या मिडल्सब्रोमध्ये 1801 साली 25 माणसं होती. शंभर वर्षांनी तिथे नव्वद हजारांवर वस्ती होती. 1883 साली या खाणींमधून जवळपास पावणेसात दशलक्ष टन दगड निघाला. मिलमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. या दगडात फॉस्फरस जास्त होता, त्यामुळे त्याचं पोलाद ठिसूळ व्हायचं. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि पर्सी गिलख्रिस्ट या आते-मामे भावांनी भट्टीचं अस्तरच बदललं, फॉस्फरस धातूच्या मळीत, म्हणजे स्लॅगमध्ये उतरवला आणि 1879 मध्ये मिडल्सब्रोला तो प्रयोग करून दाखवला. तुमच्या लॅबमध्ये आजही फॉस्फरसचा आकडा बघितल्याशिवाय हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, पुढे जात नाही.

आता माणसांकडे येऊ. ती आली कुठून? नॉरफोकचे शेतमजूर आले. कॉर्नवॉलमध्ये तांब्या-कथलाच्या खाणी बंद पडत चालल्या होत्या, तिथले आले. आयर्लंडहून आले. गावाकडे काम नाही म्हणून बाहेर पडलेली माणसं. आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, बीडकडून ऊसतोडणीला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात, ते इथे कोणाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की आपली माणसं उन्हाळ्यात परततात आणि ती माणसं तिथेच राहिली. खाणमालकांनी बांधलेल्या चाळींसारख्या ओळींमध्ये त्यांचे संसार झाले. घर कंपनीचं, म्हणजे काम सुटलं की घरही सुटलं.

काम मेणबत्तीच्या उजेडात. लांब पहारीने दगडाला भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, उडवायचं आणि फुटलेला दगड फावड्याने टबात भरायचा. टब म्हणजे रुळांवरचा डबा, तो घोडा ओढायचा. हवेचा झोत वळवायला बोगद्यात दारं असत. टब आला की दार उघडायचं, गेला की लावायचं, या कामाला बारा-तेरा वर्षांची पोरं बसत. पाळीभर एकट्याने, काळोखात. माझा नातू त्याच वयाचा आहे, त्यामुळे हे वाचताना पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

आणि मजुरी टनावर. दारूचे, मेणबत्तीचे पैसे मजुराच्याच खिशातून. प्रत्येक मजुराचा नंबर घातलेला बिल्ला असे, तो भरलेल्या टबाला लावायचा. टब वर जायचा, काट्यावर चढायचा, आणि बिल्ल्यावरच्या नंबरापुढे वजन पडायचं. शेल, म्हणजे बिनलोखंडाचा दगड, जास्त निघाला की कपात.

इथे जरा थांबा. ज्याने तो टब भरला तो माणूस वजन होताना खाली खाणीत आहे. काटा वर आहे, आणि काट्याजवळ बसलेला माणूस मालकाचा आहे. काटा मारणं हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. ऊसतोडणीत हेच होतं. मोळ्या बांधणारी बाई फडात असते आणि वजन पंधरा-वीस किलोमीटरवर कारखान्याच्या काट्यावर होतं.

क्लीव्हलंडच्या मजुरांनी 1872 साली आपली संघटना उभी केली. त्याच वर्षीच्या खाण कायद्यात कोळशाबरोबर अशा थरातल्या लोहपाषाणाच्या खाणीही आल्या. टनावर काम करणाऱ्यांना आपला मापाडी नेमायचा हक्क त्यात होता. त्याचा पगार मजूर वर्गणीतून देत. तो मालकाच्या मापाड्याशेजारी उभा राहून प्रत्येक टबाचं वजन स्वतः लिहून घेई. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. संप त्यांनी केले, काही हरले. पण काट्याजवळ आपला माणूस रोज उभा राहिला.

पुढचं थोडक्यात. एस्टनची खाण 1949 मध्ये बंद झाली. लोहपाषाणाच्या खाणीत कोळशासारखा वायू नसतो अशा समजुतीने तिथे उघडी ज्योत वापरत. 1953 मध्ये लिंगडेलच्या खाणीत वायूचा स्फोट झाला आणि आठ जण गेले. शेवटची खाण नॉर्थ स्केल्टनची, 700 फुटांहून खोल. ती 17 जानेवारी 1964 रोजी थांबली.

माझं बोलणं इथे संपलं. प्रश्न नंतर घेऊ. मागच्या रांगेत फडावर राबलेली काही मंडळी बसली आहेत, त्यांनी आधी पुढे यावं. तुमच्या गाडीची वजनपावती तुमच्या हातात शेवटची कधी पडली, तेवढं त्यांनी माइकवर सांगावं.