फिटची वही आणि ट्रेडची निवड

अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, असलेल्या मुलामुलींनी दहावी-बारावीनंतर काय शिकावे, हा आजचा विषय. मी डॉक्टर नाही. औद्योगिक प्रशिक्षणात (आयटीआयमध्ये) शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड किंवा व्यवसाय शिकवणारा शिक्षक, म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे मी वर्कशॉपमध्ये उभे राहून दिसलेलेच सांगणार आहे.

टर्नर ट्रेडचा एक विद्यार्थी लेथसमोर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रासमोर, फिट येऊन कोसळला. धातूचा तुकडा पकडून ठेवणारा चक फिरत होता, आणि हात त्यापासून वीतभर लांब राहिला एवढेच नशीब. कोणी त्याच्या नाकाशी चप्पल धरली, कोणी मुठीत किल्ल्या कोंबल्या. त्याला कुशीवर वळवायचे हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आठवड्याभरात वडिलांनी त्याचे नाव काढून नेले. ट्रेड बदलून देता येईल का, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सुचवले नाही, याची बोच मला आजही आहे.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य औषधोपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून ‘याला काम जमेल का’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. फिट केव्हा येते, झोपेत की जागेपणी, आधी चाहूल लागते का, शेवटची कधी आली, हे विचारले पाहिजे. एका विद्यार्थिनीची आई दोनशे पानी वहीत तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप आणि चुकलेली गोळी असे चार रकाने आखून सारे लिहून ठेवत असे. ट्रेड निवडताना ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा जागरणानंतरच फिट येते हे स्पष्ट झाले. अशा मुलीला नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यातली रात्रपाळी नको, पण दिवसाचे काम तिला का नाकारावे?

फिट आटोक्यात नसतील, तर उंचीवरचे काम, उघडी फिरती यंत्रे, भट्टी आणि वाहन चालवणे टाळावेच. वाहन परवान्याच्या नमुना १ मध्येही अपस्माराबद्दल थेट विचारणा असते. मात्र संगणकाची भीती बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी आहे, कारण लुकलुकत्या प्रकाशाने फिट येणारे रुग्ण शंभरात साधारण तीनच असतात. ड्राफ्ट्समन (तांत्रिक आराखडे काढणे), कोपा (संगणक चालवणे व प्रोग्रॅमिंग साहाय्य), लघुलेखन हे ट्रेड म्हणूनच विचारात घ्यावेत. शिक्षणात खंड पडला असेल, तर १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे विभागीय केंद्र नागपुरातच आहे.

काही औषधांनी सुस्ती येते, पाठांतर मंदावते. परीक्षेच्या तोंडावर त्यासाठी गोळी परस्पर बंद करणे फार धोक्याचे आहे. तक्रार डॉक्टरांकडे न्यावी, मात्रा तेच ठरवतील. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत अपस्मार स्वतंत्रपणे नाही, हेही पालकांनी आधीच जाणून घ्यावे, म्हणजे सवलतीच्या भरवशावर प्रवेशाचे वर्ष वाया जाणार नाही.

राहिला प्रश्न सांगण्याचा. पहिल्याच दिवशी निदेशकांना आणि शेजारच्या दोन सोबत्यांना सांगावे, आणि एक कागद वर्कशॉपच्या भिंतीवर लावून घ्यावा: यंत्र बंद करा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा, पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करा.